घरगुती ध्वनिमुद्रण आणि आमचे भक्तिगीत

आमच्या समाजात आज नवे भक्तिगीत जन्माला येते ते बहुधा निजण्याच्या खोलीत. मेजावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी प्रार्थनापुस्तकाएवढी धातूची एक पेटी, लॅपटॉपला जोडणारी तिची यूएसबीची तार, स्टॅण्डवर कंडेन्सर मायक्रोफोन, खिडकीवर गोधडी, आणि आतल्या कपड्यांनी भिंतींवरून परतणारा आवाज शोषून घ्यावा म्हणून सताड उघडे ठेवलेले कपाट. वेळ रात्री अकरानंतरची; त्याआधी कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा आणि शेजारचा दूरदर्शन संच गाऊ देत नाहीत. पंख्याची घरघर मुद्रणात उतरते म्हणून पंखा बंद. ऐन मे महिन्यात पंखा बंद करून प्रभूचे गीत गाणाऱ्या या तरुण-तरुणींच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे आम्हाला काहीच कारण नाही. विचार करावयाचा आहे तो त्यांच्या हातून जे घडते त्या कृतीचा.

अशी पुष्कळ गीते गेल्या काही वर्षांत आमच्या कानी आली. काही अभिप्रायासाठी आली, काही मोबाइलवरून आपोआप येऊन पडली, तर काही थेट मिस्साबलीत ध्वनिक्षेपकावरून ऐकावी लागली. त्यांतील एकाचेही नाव आम्ही येथे घेणार नाही. गाणारे व्यावसायिक नाहीत. दिवसभर नोकरी किंवा शिक्षण सांभाळून ते हा उद्योग करतात. मात्र समीक्षा टाळणेही योग्य नव्हे. पाचशे प्रतींचा काव्यसंग्रह निघाला तर आमची नियतकालिके त्यावर दोन पाने खर्च करतात. हजारो कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आणि कदाचित उद्या उपासनेचा भाग होणाऱ्या गीतावर मात्र ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘देव आशीर्वाद देवो’ यापलीकडे कोणी काही बोलत नाही. कलाकृतीवर एवढा अन्याय शत्रूही करीत नाही.

ही पेटी काय करते ते आधी थोडक्यात पाहू. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मायक्रोफोनमधून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह ती वाढवते, कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा 48 व्होल्टचा दाब पुरवते, आणि आवाजाचे दर सेकंदाला 44,100 वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा मोजमाप करून ते आकडे संगणकाला देते. उलट दिशेने आकड्यांचा पुन्हा आवाज करून तो हेडफोनमध्ये सोडते. एका काळी हे काम करणारी यंत्रसामग्री एक खोली भरून टाकीत असे. आज ती शिष्यवृत्तीच्या पैशांतून विकत घेता येते, आणि ऑडॅसिटीसारखी संगणकप्रणाली तर विनामूल्य मिळते. कॅसेटच्या काळात एखाद्या गायनवृंदाला गीतसंच काढावयाचा झाला तर वर्गणी काढावी लागे, स्टुडिओचा एक दिवस आरक्षित करावा लागे आणि वादकांना बिदागी द्यावी लागे. त्यामुळे तेथे पोहोचणारे गीत आधी दोन-चार वर्षे सणावारी गायले गेलेले असे. लोकांच्या ओठांवर ते घासून गुळगुळीत होई, न पेलणारी जागा आपोआप गळून पडे. आता क्रम उलटा झाला आहे. गीत आधी मुद्रित होते, आणि पुष्कळदा पुढे कोणी ते गातच नाही.

तरीही खोली हे मुद्रणाचे हलके ठिकाण असे आम्ही मानत नाही. उलट खोलीत जे साधते ते स्टुडिओला साधत नाही, याचे एक दाखलेबाज उदाहरण आमच्यासमोर आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात कोल्ट्स नेक या गावी भाड्याच्या घरात राहत असताना ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने 1981-82 च्या हिवाळ्यात काही नवी गीते कच्च्या स्वरूपात मुद्रित केली. साधन होते टिॲक कंपनीचे चार ट्रॅकचे कॅसेट यंत्र आणि दोन साधे मायक्रोफोन. वाद्यवृंदाला चाली कळाव्यात एवढाच हेतू. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घेऊन हिंडत असे म्हणतात. पुढे न्यूयॉर्कच्या सुसज्ज स्टुडिओत त्याच गीतांवर वाद्यवृंदासह मेहनत झाली. पण जे कॅसेटमध्ये होते ते तेथे येईना. अखेर ती कच्ची कॅसेटच 30 सप्टेंबर 1982 रोजी ‘नेब्रास्का’ या नावाने तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. वाद्यवृंदासह केलेल्या त्या प्रयत्नांचे मुद्रणही 2025 साली श्रोत्यांना उपलब्ध झाले आहे. ज्याला तुलना करावयाची त्याने अवश्य करावी.

‘नेब्रास्का’तील गीते खुनी, कर्जबाजारी, नोकरी गमावलेल्या माणसांच्या तोंडची आहेत. आवाज दूरचा वाटतो, गिटारीच्या तारा कुठेकुठे करकरतात, ध्वनिफितीची सूक्ष्म खरखर सतत सोबत असते. ही खरखर दोष नाही. रात्री एकटा बसलेला माणूस बोलतो आहे, आणि आपण भिंतीपलीकडून ऐकत आहोत, ही त्या कलाकृतीची मूळ भूमिकाच तिच्यातून सिद्ध होते. स्प्रिंगस्टीन कॅथलिक घरात वाढला, धर्मभगिनींच्या शाळेत शिकला. समाजशास्त्रज्ञ धर्मगुरू अँड्र्यू ग्रीली यांनी 1988 साली ‘अमेरिका’ या येशूसंघीय नियतकालिकात त्याच्या गीतांतील कॅथलिक कल्पनाशक्तीवर लेख लिहिला, तो वाचनीय आहे. पाप, पश्चात्ताप आणि आशा यांची भाषा त्या गीतांत प्रवचनाच्या सुरात येत नाही. ती ज्या खोलीत सुचली त्या खोलीच्या सुरात येते.

दुसरे उदाहरण आमच्या मातीतले. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. पॉयत्व्हँ मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. 2017 पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्या बाया स्टुडिओत गेल्या नाहीत. मुद्रकच त्यांच्या दारी गेले. गाणाऱ्या बाईचा मध्येच घेतलेला श्वास, दुसरीने उचललेली पुढची ओळ, आसपासचे घर हे सारे त्या मुद्रणांत आहे. ते खरवडून काढले असते तर शब्द राहिले असते. ओवी गेली असती.

या दोन उदाहरणांच्या शेजारी आमच्या धर्मग्रामांतील घरगुती मुद्रणे ठेवली म्हणजे काय दिसते? आमचे गायक घरात गातात आणि पहिले काम करतात ते घर पुसून टाकण्याचे. गोधडीने खोलीचा नाद मारला जातो, आणि मग त्या मुक्या आवाजावर संगणकातून एक भव्य कृत्रिम प्रतिध्वनी चढवला जातो. प्रणालीतील त्या कळीचे नावच पुष्कळदा ‘कॅथीड्रल’ असते. चार बाय तीन मीटरच्या खोलीत म्हटलेले ‘आलेलुया’ युरोपातील एखाद्या दगडी महामंदिरात घुमल्यासारखे ऐकू येते. ऐकणारा क्षणभर दिपतो. परंतु आमची ख्रिस्तमंदिरे तशी घुमत नाहीत. उघडी दारे, कौलारू छप्पर, गरगरणारे पंखे, पावसाळ्यात छतावर कोसळणाऱ्या सरी, आणि मागच्या बाकावर रडणारे मूल. हा आमच्या उपासनेचा खरा नाद. आमच्या वसईच्या किनाऱ्यावरील भाविक ज्या नादात शतकानुशतके देवाची स्तुती करीत आले तो टाकून परक्या महामंदिराची सावली उसनी का घ्यावी?

कृत्रिम प्रतिध्वनी म्हणजेच असत्य, असे मात्र आम्ही म्हणत नाही. इस्तंबूलमधील हागिया सोफिया ही इमारत सहाव्या शतकात ख्रिस्तमंदिर म्हणून उभी राहिली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथे फुगे फोडून त्यांचे पडसाद मुद्रित केले. त्या वास्तूत आवाज दहा सेकंदांहून अधिक काळ रेंगाळतो. त्या पडसादांवरून संगणकाने वास्तूचा नाद पुन्हा उभा केला, आणि ‘कापेला रोमाना’ या गायनवृंदाने प्राचीन बायझंटाइन स्तोत्रे त्या आभासी नादात गाऊन 2019 साली प्रसिद्ध केली. तंत्र तेच, यंत्रही जवळजवळ तेच. तरीही तेथे ते सार्थ ठरते, कारण ती स्तोत्रे त्याच घुमटाखाली गायली जात होती. एक स्वर विरण्याआधी दुसरा त्यावर यावा अशीच त्यांची संथ चाल आहे. आमच्या गीताची चाल ढोलकीच्या ठेक्यावर चालणारी, शब्द दाटीवाटीने भरलेले. त्यावर दहा सेकंदांचा प्रतिध्वनी ओतला की अर्पणगीतातील भाकर आणि द्राक्षारस दोन्ही धुक्यात जातात.

दुसरी गोष्ट सुराची. 1997 साली ऑटो-ट्यून नावाची प्रणाली बाजारात आली. तिचा जनक अँडी हिल्डब्रँड हा आधी भूगर्भातील तेल शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे गणित करीत असे. तेच गणित त्याने माणसाच्या गळ्याला लावले. सूर थोडा चढला-उतरला की यंत्र त्याला जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते. बसवते म्हणजे पाश्चात्त्य पियानोच्या बारा पट्ट्यांवर. आमच्या गायकीत मींड आहे, आंदोलन आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेत जे काही घडते त्यातच सारा भाव असतो. आमच्या समाजातील वृद्ध स्त्रिया लग्नघरी जी गाणी म्हणतात त्यांतील कित्येक सुरांना पियानोवर जागाच नाही. यंत्राला ती चूक वाटते आणि ते ती दुरुस्त करते. असा वाद आपल्या देशात नवा नव्हे. ठरावीक पट्ट्यांत अडकलेली पेटी भारतीय गायनाला मारक आहे या समजुतीने आकाशवाणीने 1940 ते 1971 हार्मोनियमला आपल्या कार्यक्रमांत मज्जाव केला होता. ती बंदी अतिरेकी होती असे आमचे मत आहे, आणि पेटीने पुढे आपले स्थान मिळवलेच. पण पेटी गायकाच्या शेजारी बसून त्याच्यामागे धावते. त्याच्या घशात शिरून सूर बदलत नाही. आमच्याकडे आलेल्या एका गीतात आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज असा काही ‘सुधारला’ होता की ते मूल आहे हे प्रस्तावनेतून कळले म्हणूनच आम्ही मानले.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि ती आम्हाला सर्वांत जास्त खुपते. घरी गीत रचणारा बहुधा आधी संगणकातील तयार ठेका निवडतो, त्यावर चार स्वरमेळ फिरवतो, आणि मग त्या साच्यात मराठी शब्द ओततो. साचा इंग्रजी गीतासाठी घडलेला. त्यात पहिल्या मात्रेवर आघात हवा. मराठी शब्दाचे चालणे आघातावर नव्हे, ऱ्हस्व-दीर्घाच्या तोलावर असते. परिणाम काय होतो? ‘प्रभूचा दिन’ ताणून ‘प्रभूचा दीन’ होतो. देवाचा ‘सुत’ लांबवला की त्याचे ‘सूत’ होते, मग ते चरख्यावर घालावे की काय असा प्रश्न पडतो. ‘पिता’ म्हणताना पहिला स्वर खेचला तर जे ऐकू येते ते आम्ही लिहीत नाही. ‘करुणा’, ‘कृपा’, ‘दया’ या शब्दांत आमची निम्मी प्रार्थना सामावलेली आहे, आणि नेमके तेच ऱ्हस्व आरंभाचे शब्द या साच्यात सर्वाधिक हाल भोगतात. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून आले. 1616 साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यासाठी त्यांनी आपल्या मायदेशातील छंद आणला नाही. येथल्या लोकांच्या तोंडी असलेली ओवी उचलली. परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी जे कळले ते आमच्या मुलांना लॅपटॉप समजू देत नाही, कारण लॅपटॉप उघडला की समोर येतो तो चौघाचौघांत कापलेला काळ. हेडफोनमध्ये टिकटिकणाऱ्या त्या ‘क्लिक’ला श्वास घेण्याची गरज नसते.

याउलट जे एक काम हा मायक्रोफोन फार उत्तम करतो तेच आमच्या गीतांत अस्थानी पडते. कंडेन्सर मायक्रोफोन ओठांपासून वितीवर धरला की कुजबुजही सुस्पष्ट उमटते, आणि जवळीकीमुळे खर्जाला भरदारपणा येतो. बिली आयलिश या गायिकेचा 2019 सालचा पहिला गीतसंच तिच्या भावाने लॉस एंजेलिसमधील आपल्या घरच्या निजण्याच्या खोलीत मुद्रित केला. जानेवारी 2020 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गीतसंचाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ती गीते कुजबुजीची आहेत. भय, एकाकीपण, झोप न येणे हे त्यांचे विषय असल्याने कुजबूज तेथे शोभते. आमच्या तरुणांनी ती ऐकली आणि तोच आवाज धन्यवादस्तोत्राला दिला! कानाशी केलेले गुज एकांत-प्रार्थनेला चालेल. पवित्र तासात, मध्यरात्री एकट्याने ऐकावयाच्या चिंतनगीताला तर ते फार शोभेल, आणि अशी दोन गीते आम्ही खरोखर चांगली ऐकली आहेत. पण प्रवेशगीत हे रस्त्यावरून येणाऱ्या लोकांचे गीत आहे. मंद्र सप्तकातला पंचम मायक्रोफोनपाशी पुटपुटता येतो. तोच सूर गायनमाडीवरून पुटपुटला तर दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. आणि पुढच्याच कडव्यात गीत एकदम तार सप्तकात उडी घेते, कारण एकाच गायकाने आपल्या गळ्याची दोन्ही टोके दाखवायची असतात. मधल्या पट्टीत गाणारी हजार माणसे मग पुस्तक मिटून उभी राहतात.

या गीतांतील ‘आम्ही’चाही विचार करावा. शब्द असतात ‘आम्ही तुझे स्तवन गातो’, आणि ऐकू येतात सहा आवाज. पण सहाही एकाच गळ्याचे, एकावर एक चढवलेले. तांत्रिक कौशल्य म्हणून ते वाखाणण्याजोगे असेल. वृंदगायनात मात्र शेजाऱ्याकडे कान द्यावा लागतो. आवाजाला हवेतून एक मीटर अंतर कापावयास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. घरच्या पेटीतही काही सहस्रांश सेकंदांचा विलंब असतो, आणि त्यापायी ही मुले रात्र रात्र डोके फोडत बसतात. पंचवीस मीटर लांबीच्या ख्रिस्तमंदिरात गायनमाडीवरचा सूर वेदीपाशी पोहोचतो तो सत्तर सहस्रांश सेकंदांनी उशिरा. म्हणजे आमचे सामुदायिक गायन यंत्राच्या मोजमापाने कायम बेतालच! लोक एकमेकांसाठी थांबतात, म्हातारी माणसे ओळीच्या शेवटी मागे राहतात, ऑर्गन वाजवणारा त्यांच्यासाठी क्षणभर बोट दाबून धरतो. या सांभाळून घेण्याला आम्ही समाज म्हणतो. सहा ट्रॅकवर स्वतःशीच गाणाऱ्या गायकाला कोणासाठीही थांबावे लागत नाही.

एवढ्यावर थांबले असते तर हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहिला असता. पण 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, ख्रिस्तमंदिरांची दारे मिटली, आणि घरी मुद्रित केलेले गीत उपासनेत शिरले. त्या काळात दुसरा उपाय नव्हता. आपापल्या खोलीत गाऊन पाठवलेले दहा तुकडे कोणीतरी रात्रभर जोडत बसे, म्हणून घरोघरी उपासनेला सूर मिळाला. त्या सेवेचे मोल मोठे आहे. दारे उघडल्यावरही मात्र काही ठिकाणी सवय राहिली. गायनवृंदात चारच जण आले, तर मागून मुद्रित आवाज सोडावा. ऑर्गन वाजवणारा नाही, तर पेन ड्राइव्ह आहेच. भाविक ऐकतात, छान वाटते, आणि गप्प राहतात.

ख्रिस्तसभेने याविषयी फार पूर्वी विचार केला आहे. 3 सप्टेंबर 1958 रोजी उपासनाविषयक रोमन मंडळाने पवित्र संगीतासंबंधी सूचनापत्र काढले. उपासनेत फोनोग्राफ, रेडिओ, ध्वनिफीत यांसारखी यंत्रे वापरून गायनवृंदाची वा भाविकांची जागा भरून काढणेच नव्हे, त्यांच्या गायनाला नुसता आधार देणेही त्यात निषिद्ध ठरवले होते. आजच्या तरुणाला हा मजकूर जुनाट वाटेल. परंतु त्याच परिच्छेदात पुढे एक मुभा आहे, आणि ती दूरदृष्टीची आहे: लोकांना स्तोत्रे व गीते शिकवण्यासाठी ही यंत्रे खुशाल वापरावीत. पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात संगीतकारांना सांगितले की रचना केवळ मोठ्या गायनवृंदांसाठी नसाव्यात. छोट्या वृंदांनाही त्या पेलाव्यात आणि साऱ्या समुदायाचा सक्रिय सहभाग त्यांतून वाढावा. त्याच संविधानात मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्याचा आग्रह आहे. बालकांच्या मिस्साबलीसंबंधीच्या 1973 च्या मार्गदर्शिकेने मुद्रित संगीताला बिशप-परिषदेच्या नियमांच्या मर्यादेत थोडी वाट दिली, तीही मुलांपुरती.

तेव्हा घरी मुद्रित झालेल्या भक्तिगीताला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हे ऐकल्यावर दुसऱ्या कोणाला ते गाता येते का? बहुसंख्य गीते या प्रश्नापाशी अडतात. ती ऐकण्यासाठीच घडलेली आहेत. पण सगळी नव्हेत. एका आईने आणि तिच्या दोन मुलींनी पवित्र मरियेची लितानी स्वयंपाकघरात बसून मुद्रित केलेली आम्ही ऐकली. चाल चार सुरांची, वाद्य एकही नाही. आईने हाक द्यावी, मुलींनी प्रतिसाद द्यावा. एके ठिकाणी भांडे पडल्याचा आवाज आहे, तो त्यांनी कापला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ती लितानी न ठरवता गुणगुणत होतो. महिनाभरात ती तीन वाड्यांतील क्रुसांपुढे संध्याकाळी म्हटली जाऊ लागली, आणि तेथे ती कोणी यंत्रावर लावत नाही. मुद्रणाने आपले काम केले आणि ते बाजूला झाले.

एक सूचना करावीशी वाटते. जो कोणी नवे गीत मुद्रित करील त्याने त्याची दोन रूपे सिद्ध करावीत. एक त्याला हवे तसे, प्रतिध्वनी आणि सहा आवाज यांसह. कलावंताला ते स्वातंत्र्य हवेच. दुसरे एकाच आवाजाचे, साधे, लोकांना झेपेल अशा मधल्या पट्टीतले, प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा ठेवलेले, आणि सोबत शब्द व स्वरलिपी. हे दुसरे रूप काढावयास पेटी तीच आणि खोलीही तीच. वेळ अर्धा तास. पहिले रूप मोबाइलवर फिरेल. दुसरे गायनवृंदाच्या सरावाला येईल, धर्मशिक्षणाच्या वर्गात येईल, आणि ज्या धर्मग्रामात वाचून गाऊ शकणारा एकही नाही तेथे तर तेच गुरू होईल. 1958 च्या त्या सूचनापत्रातील मुभा हीच होती.

आणखी एका मुद्रणाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, जरी ते उपासनागीत नव्हे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीची सामवेदी बोलीतील लग्नगीते याच यूएसबीच्या पेटीवर मुद्रित केली आहेत. मायक्रोफोन आजीच्या तोंडाशी नाही. ओटीवर दोघींच्या मध्ये ठेवला आहे. कोंबडा आरवतो, कोणीतरी पाणी मागते. हळद लावण्याच्या गीतात प्रभूचे नाव ज्या सहजतेने येते तशी सहजता आम्हाला अलीकडच्या एकाही मुद्रित भक्तिगीतात आढळली नाही. सूर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत आणि नातीने ते बसवलेले नाहीत. चौथ्या गीतात आजी मध्येच थांबते. पुढची ओळ आठवत नाही. चार-पाच सेकंद नुसती ओटी ऐकू येते. मग नात अडखळत ती ओळ म्हणते, आजी तिचा एक शब्द दुरुस्त करते, आणि दोघी पुढे जातात.